ॲडमिट व्हायची गरज नव्हती म्हणे

बायकोची केमो संपली, डोक्यावर केस पुन्हा यायला लागले आणि नेमकं तेव्हाच विमा कंपनीचं पत्र आलं. ‘सदर उपचारासाठी रुग्णालयात भरती होण्याची गरज नव्हती, सबब दावा नामंजूर.’ ही ओळ मला अजून तोंडपाठ आहे.

आम्ही चिखलीत राहतो. मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात. पगार २१ हजारांच्या वर गेला तसा ईएसआयसीचा कामगार विमा सुटला आणि कंपनीची ग्रुप पॉलिसी लागली. मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलची रांग सुटली म्हणून तेव्हा घरात आनंदच झाला होता. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो कॅशलेस झाली, त्याबद्दल तक्रार नाही.

तिचा कॅन्सर हर-टू पॉझिटिव्ह. अशा पेशंटला केमोसोबत ट्रॅस्टुझुमॅबचं इंजेक्शन सुरू करतात आणि केमो संपली तरी दर तीन आठवड्यांनी, एकूण वर्षभर, चालू ठेवतात. केमोबरोबर जात होतं तोवर विमा कंपनीला ते मान्य होतं. केमो थांबली, एकटं इंजेक्शन राहिलं, आणि ते ‘ओपीडी उपचार’ ठरलं. हॉस्पिटल तेच, डे-केअरची खाट तीच, सलाइन लावणारी सिस्टरसुद्धा तीच!

विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या टीपीएच्या माणसाला मी फोनवर विचारलं, “साहेब, हे औषध मेडिकलमधून आणून घरी टोचता येतं का?” तो म्हणाला, “चोवीस तास ॲडमिट असायला पाहिजे.” मग केमोला कोण चोवीस तास ॲडमिट होतं? तेव्हाही सकाळी नेऊन संध्याकाळी घरी आणत होतो. त्यावर उत्तर, “सर, सिस्टीममध्ये असंच दिसतंय.” डॉक्टरांनी पत्र लिहून दिलं. इंजेक्शन देखरेखीखालीच द्यावं लागतं, त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून अधूनमधून टूडी एको करावा लागतो, सगळं त्यात होतं. ते अपलोड केलं. उत्तरात पुन्हा तीच ओळ, शब्दन् शब्द. पैसे नाकारले हे एकवेळ समजू शकतो. पण कॅन्सरच्या डॉक्टरचं पत्र न वाचता बाजूला टाकायचं, हा राग माझा अजून गेलेला नाही.

पुढचं भरभर सांगतो. दागिने पतसंस्थेत ठेवले, इंजेक्शन चुकू दिलं नाही. हॉस्पिटलातल्या समाजसेविका मॅडमनी नियम दाखवला. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्येच बारा आधुनिक उपचारांची यादी काढली आहे. हे उपचार विम्यातून वगळता येत नाहीत, फार तर रकमेची मर्यादा घालता येते. त्यात मोनोक्लोनल अँटिबॉडीचं इंजेक्शन स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि ट्रॅस्टुझुमॅब त्यातलंच. तो कागद जोडून विमा कंपनीच्या तक्रार कक्षाकडे गेलो, तिथूनही नकार आला, मग विमा लोकपालांकडे. सुनावणीत कंपनीच्या प्रतिनिधीला त्या यादीबद्दल विचारलं गेलं, तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आदेश आमच्या बाजूने लागला. पैसे आले, पतसंस्थेचं व्याज मात्र आमच्याच अंगावर पडलं.

कधी वाटतं, ईएसआयची रांगच बरी होती, तिथे खर्चाला मर्यादा तरी नाही. पण तिथे लागणारा वेळ आठवला की तसंही म्हणवत नाही. भांडलंच पाहिजे, असं मी लाइनवर सगळ्यांना सांगतो. तरी ज्याच्या घरी माणूस उलट्यांनी बेजार आहे आणि ज्याला रात्रपाळी चुकवता येत नाही, त्याने नाद सोडला तर त्याला बोल लावायची माझी हिंमत होत नाही. विमा कंपन्यांनाही हे चांगलं ठाऊक असणार.

ज्याला जमेल त्याने नकार फोनवर ऐकून घेऊ नये, लेखी मागावा, आणि आधी विमा कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत, एन. सी. केळकर रस्त्यावर आहे. ग्रुप पॉलिसीची तक्रारही तिथे चालते. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील लागत नाही.