बोलोन्याच्या कमानींखाली

बोलोन्यातले घर उंबऱ्याच्या बरेच अलीकडे सुरू होते. उत्तर इटलीतल्या या शहरात जुन्या घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे आलेले असून खाली खांबांनी पेललेले आहेत. त्यांच्याखाली तयार झालेल्या कमानीदार ओसरीला पोर्तिको म्हणतात. इथल्या विद्यापीठाचे स्थापनावर्ष १०८८ मानले जाते. विद्यार्थ्यांची गर्दी वाढली, खोल्या अपुऱ्या पडू लागल्या आणि घरमालकांनी माड्या पुढे काढल्या. १२८८ मध्ये शहराने नव्या घरांना पोर्तिको सक्तीचा केला. जागा मालकाची, डागडुजीही त्यानेच करायची, वाट मात्र सगळ्यांची. हे पोर्तिको एकूण ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पण त्यांची खरी किंमत भर पावसात कळते. बाबागाडी ढकलणारी आई, बाजाराची पिशवी घेतलेले आजोबा, शाळेला निघालेली मुले, कुणालाच छत्री उघडावी लागत नाही.

दाराशी घंटांची बटणे आणि त्यांच्यापुढे आडनावे असतात. बऱ्याच बटणांपुढे दोन आडनावे दिसतात, कारण इटलीत लग्नानंतरही बाईच्या कागदपत्रांवर तिचे माहेरचेच आडनाव राहते. प्रस्तुत लेखकाचा मुक्काम होता त्या घराच्या फलकावर एकच आडनाव दोन मजल्यांवर होते: खाली आईवडील, वर लेक आणि सून. चुली दोन, पण जिन्यावरची ये-जा दिवसभर चालू.

या ये-जेचे कारण म्हणजे नातवंडे. त्यांचे आईवडील दोघेही नोकरीला आणि पूर्ण वेळेची प्राथमिक शाळा सुटते दुपारी साडेचारच्या सुमारास. पालक किंवा त्यांनी लेखी नेमलेली मोठी व्यक्ती आल्याखेरीज शाळा लहान मुलाला सोडत नाही. त्यामुळे फाटकाशी उभे असतात ते बहुधा आजी-आजोबा, म्हणजे नोन्ना आणि नोन्नो. हातात मधल्या वेळच्या खाण्याची पुडी असते. दप्तर लगेच आजोबांच्या खांद्यावर जाते. इटलीतला जन्मदर युरोपातल्या सर्वांत कमी दरांपैकी आहे. एकाच नातवंडामागे चार आजी-आजोबा असणे इथे नवलाचे नाही, आणि त्या एकट्या पोराला समवयस्क भावंडे नाहीत, ही या सुखी चित्रातली हुरहुर लावणारी गोष्ट आहे.

नातवंड शाळेत असते तोवर आजोबांचा वेळ शहरात जातो. ट्रामसाठी रस्ते खणले जात असताना कुंपणाशी पाठीमागे हात बांधून काम न्याहाळणारे निवृत्त गृहस्थ जागोजागी दिसतात. त्यांना बोलोन्याच्या बोलीत ‘उमारेल’ म्हणतात आणि हा शब्द आता इटलीभर रुळला आहे.

घराचे खरे केंद्र रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या लाकडी पाटावर असते. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे, हे प्रमाण. पिठाच्या आळ्यात अंडी फोडायची, मळायचे, गोळा झाकून ठेवायचा आणि मग हातभर लांबीच्या लाटण्याने लाटायचे. खालच्या मजल्यावरच्या आजी पारी उचलून खिडकीच्या उजेडात धरीत. पलीकडचे झाड अंधूक दिसले की लाटणे थांबे. ताल्यातेल्ले नावाच्या पास्त्यासाठी पारीच्या पट्ट्या कापतात. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर असावी, अशी नोंदच १९७२ मध्ये इथल्या वाणिज्य मंडळाकडे झाली. नाताळात तोर्तेल्लीनीचा घाट असतो. डुकराचे मांस, मोर्तादेल्ला, पार्मेसान चीज आणि जायफळ यांचे चिमूटभर सारण छोट्या चौकोनावर ठेवून, त्रिकोणी घडी घालून तिची टोके बोटाभोवती वळवून जोडायची. एका ताटलीला अशा कित्येक घड्या लागतात, म्हणून सगळे घर टेबलाभोवती बसते. लहानांच्या बोटांवर वळलेली तोर्तेल्लीनी सर्वांत नाजूक होतात, म्हणून त्यांना मान. मग ती कोंबड्याच्या सुपात उकळून त्यातच वाढली जातात.

जेवणानंतर फेरफटका. सारागोत्सा वेशीपासून सान लुका टेकडीवरच्या मेरीमातेच्या देवळापर्यंत ६६६ कमानींचा, जवळजवळ चार किलोमीटरचा पोर्तिको चढत जातो. मे महिन्याच्या सुमारास तिथले मेरीमातेचे चित्र मिरवणुकीने शहरात आणतात आणि आठवडाभराने परत नेतात. १४३३ मध्ये पिके बुडवणारा पाऊस थांबावा म्हणून ते प्रथम खाली आणले होते. एरवीच्या रविवारी चढावर नातवंडे कमानी मोजत पुढे पळतात, आजी खांबाशी टेकून दम घेते आणि आकडा चुकलेले पोर तिच्यापासून पुन्हा मोजायला सुरुवात करते.