एका फोनच्या दोन बातम्या

डेस्कवर नव्याने आलेल्या मुलीने परवा रियाध आणि दोहाच्या दोन कॉप्या जोडून एक सुरेख बातमी केली. इंट्रो नेटका, मथळा दोन ओळींत चपखल. मला मात्र चैन पडेना. दोन सरकारी वृत्तसंस्था एकाच बोलण्याबद्दल वेगवेगळं सांगत असतील, तर त्यांची सरासरी काढायची नसते. “मग काय करायचं, सर?” याचं धड उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मग मी तिला २०१७ सांगितलं.

सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्तने ५ जूनला कतारशी संबंध तोडले. त्याआधी मे महिन्यात कतारच्या वृत्तसंस्थेवर अमीर शेख तमीम यांच्या तोंडी भलतीच विधानं झळकली होती. संस्था हॅक झाली, असं कतार सांगत राहिला आणि शेजारच्या वाहिन्या ती विधानं दाखवत राहिल्या. ८ सप्टेंबरला शेख तमीम आणि सौदीचे युवराज मोहम्मद बिन सलमान फोनवर बोलले. सौदीची वृत्तसंस्था ‘एसपीए’ म्हणाली, चार देशांच्या मागण्यांवर चर्चेला बसायची इच्छा अमिरांनी दाखवली. कतारची संस्था म्हणाली, दोन दूत नेमण्याचा प्रस्ताव युवराजांचा, अमिरांनी तो मान्य केला. पडतं कुणी घेतलं, एवढाच प्रश्न. लग्नपत्रिकेतल्या नावांवरून भावकी तुटावी, तसं झालं. काही तासांत ‘एसपीए’ची पुढची कॉपी आली: कतारने सत्याचा विपर्यास केला, सबब संवाद स्थगित. समेटाला जानेवारी २०२१ उजाडला.

आता या दोन कॉप्यांची एक बातमी कशी करणार?

त्याहून अवघड असतं ते मौन. सौदी पत्रकार जमाल खशोगी २ ऑक्टोबर २०१८ ला इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात गेले. त्यांच्या मृत्यूची कबुली ‘एसपीए’वर आली २० तारखेला. मधल्या दिवसांत जे आलंच नाही, त्याला मथळा कसा द्यायचा?

हे न आलेलं वाचता येतं, याचा मला गर्व आहे. कुठल्या पाहुण्याला विमानतळावर कोण घ्यायला गेलं आणि कोण नाही, एवढ्यावर मी बैठकीत भाकितं करायचो. एखादं खरं ठरलं की आठवडाभर कॉलर ताठ. फसलेली कुणी लक्षात ठेवत नाही. मी तर नाहीच नाही.

हल्ली सगळीकडे बड्या पाश्चात्त्य संस्थेची कॉपी उचलतात. तीत ‘एसपीए’चा हवाला बऱ्याचदा खाली असतो, आणि जाहिरात आली की पहिली कात्री खालच्याच परिच्छेदाला. मग सौदी सरकारचं म्हणणं आपल्या पानावर घडलेली गोष्ट म्हणून छापून येतं. वाहिन्यांबद्दल न बोललेलंच बरं.

मुलीने बातमी पुन्हा लिहिली. दोन्ही दावे शेजारी, दोन्ही संस्थांची नावं इंट्रोत. बेढब झाली, पण तशीच लावली.

वाचकहो, आखातातल्या बातमीवर नुसतं ‘वृत्तसंस्था’ दिसलं, तर कुठल्या देशाची, हे आम्हाला पत्र लिहून विचारा. रत्नागिरीकडचे वाचक विचारतात. त्यांची मुलं तिकडे कामाला आहेत.