मामांची मांडणी

सांगलीच्या हरभट रस्त्यावर एका जिन्याखाली चोवीस वर्षे चाललेले अक्षरजुळणीचे काम यंदा साताऱ्याला गेले. देणारे मामा, घेणारी भाची. दृष्टी अधू झाल्याने मामांना पडद्यावरचे रफार आणि अनुस्वार वेगळे ओळखता येईनात, तेव्हा त्यांनी आपण होऊनच विषय काढला. भाचीने साताऱ्यात नवा संगणक घेतलेला होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निमंत्रणे आणि गावोगावच्या समाजबांधवांची कुटुंबसूची असा सगळा संसार एका यंत्रातून दुसऱ्यात हलवायचा होता.

फाइली अर्ध्या तासात उतरल्या. अडचण त्यानंतर सुरू झाली.

अक्षरजुळणी करणाऱ्याचे निम्मे काम फाइलींत नसतेच. कोणती कळ दाबली की कोणती आज्ञा सुटते, कोणते रंग हाताशी ठेवलेले आहेत, मथळ्याची, नावाची, पत्त्याची शैली कशी बांधली आहे, छपाईसाठी पीडीएफ कोणत्या प्रमाणांनी काढायची, हे सारे प्रणालीच्या पोटात निराळे साठते. कोरलड्रॉमध्ये ही मांडणी स्वतंत्र फाइल म्हणून बाहेर काढता येते आणि नव्या यंत्रावर आत घेता येते. मात्र जुन्या आवृत्तीचे सगळेच नवी आवृत्ती स्वीकारील असे नाही. शिवाय प्रणाली सुरू होताना एफ-८ ही कळ दाबून धरली, तर सारी मांडणी पुसून कारखान्यातून आल्यासारखी कोरी होते. ही गोष्ट मामांनी भाचीला एका आठवड्यात तीनदा सांगितली.

कळांच्या बाबतीत मात्र भाचीने मामांचे ऐकले नाही. मामांचा हात टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर बसलेला, तिचा इन्स्क्रिप्टवर. इन्स्क्रिप्ट १९८६ साली प्रमाण ठरला, तरी छापखान्यांतून जुनाच कळफलक पुढे बरीच वर्षे चालला. मामांच्या सोयीच्या कळा तिच्या बोटांना उलट्या पडत. तिने त्या वगळल्या आणि स्वतःच्या बांधल्या. मामांना थोडे लागले असावे. पण तिने केले ते योग्यच होते. दुसऱ्याच्या हाताची सवय फाइलीतून येत नाही.

खरा पेच होता कुटुंबसूचीचा. ती पेजमेकरमध्ये, श्रीलिपीच्या टंकात बांधलेली. त्या पिढीच्या टंकांतील मजकूर आतून मराठी नसतोच. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. टंक जागेवर असेपर्यंत ‘समडोळी’ हे ‘समडोळी’ दिसते. टंक काढला की उरतात रोमन अक्षरे आणि विचित्र चिन्हे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, परंतु पेजमेकरला युनिकोडची मराठी कधी कळली नाही, आणि २००१ ची सातवी आवृत्ती ही त्याची अखेरची ठरली. इनडिझाइनच्या सीएस-६ पर्यंत पेजमेकरची फाइल थेट उघडता येई. पुढच्या आवृत्त्यांनी ती सोयही काढून टाकली. त्यात मामांच्या टंकप्रणालीला यंत्राच्या मागे लावायचे हार्डवेअर लॉक. ते एकच, आणि सांगलीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी २००५ पेक्षाही वर चढले, तेव्हा मामांनी आधी संगणकाचा डबा माडीवर नेला होता आणि हे लॉक सदऱ्याच्या खिशात ठेवले होते.

तेव्हा सूचीचा मजकूर सांगलीतच जुन्या यंत्रावर बाहेर काढून युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागला. रूपांतर करणारी साधने आहेत, पण ती डोळे मिटून विश्वास ठेवण्याजोगी नाहीत. जुन्या टंकात वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर नोंदलेला असतो, म्हणून जोडाक्षर आले की दोन्ही भलतीकडे जातात. ‘धर्म’चे ‘धमर्’ होते. ‘साताऱ्याचे’ हा शब्द ‘सातार्याचे’ होऊन आला आणि ‘कऱ्हाड’ तर ओळखूच येईना. पुढे इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडून ठेवलेला नव्हता, त्यामुळे जोडाक्षरे फुटली. तो निवडला, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटले. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी ठरवून दिली, आणि टंकात मराठी वळणाची सोय असली, तरच आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ येतो. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला निश्चित केली तीतही ही वळणे आहेत. एवढीशी निवड, पण ती चुकली की सूची परक्या गावची वाटते.

शैलींची नावे मामांनी स्वतःच्या बोलीत ठेवलेली. बहुतेक उमगली, ‘दुधगाव-दोन’ मात्र उमगेना. भाचीला ती निरुपयोगी वाटली, आणि पुसण्यापूर्वी तिने फोन केला.

“मामा, हे ‘दुधगाव-दोन’ काय आहे हो?”

“अगं, तिथं एकाच नावाची दोन घरं आहेत. आजोबांचं नाव खाली बारीक अक्षरात घातलं नाही, तर पत्रिका भलत्याच दारात जाते.”

“मग हे कुठं लिहून ठेवलंय?”

“लिहून कशाला ठेवायचं? मला ठाऊक होतं की.”

त्या दिवसापासून तिने एक वही घातली. प्रत्येक शैलीचे नाव, ती कोणत्या गावासाठी, कशासाठी. कोणाच्या नावामागचे ‘श्री.’ काढून ‘कै.’ घालायचे राहिले आहे, हेही तिच्यात येऊ लागले, कारण ते मामांनाच माहीत होते. आता रोज संध्याकाळी ती साताऱ्याहून एकेका गावाची पाने फोनवर मोठ्याने वाचते. मामा डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच थांबवतात. आष्टा आणि कवठेपिरान झाले. समडोळीला चार संध्याकाळी लागल्या. दुधगाव व्हायचे आहे, आणि ते होईपर्यंत जुना संगणक मोडीत द्यायचा नाही, असे मामांनी घरात बजावून ठेवले आहे.