प्रत्याघाताची तालीम

ज्याचे बालपण सोलापुरात गेले, त्याच्या मनात बंदूक ही मूलतः कचेरीची वस्तू असते. बँकेच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या रखवालदाराच्या मांडीवर ती आडवी पडलेली दिसते, निवडणुका जाहीर झाल्या की परवानाधारक मंडळी ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतात, आणि ज्या कोणाला ती नव्याने हवी असेल त्याने 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली अर्ज गुदरावा, ठाण्याने त्याच्या चालचलणुकीची चौकशी करावी, व पीकसंरक्षण म्हणा, जीवितसंरक्षण म्हणा, एखाद्या कारणाविषयी सरकारची खातरजमा झाली तर परवाना हाती पडावा, असा तेथला शिरस्ता आहे. एवढे सव्यापसव्य करून सामान्य नागरिकाला जे रिव्हॉल्व्हर मिळते ते बहुधा कानपूरच्या सरकारी कारखान्यातील .32 बोअरचे, ज्याचा धक्का मनगटाच्या पलीकडे फारसा जातच नाही. शिकारीचा प्रश्न तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानेच निकालात काढला. आणि 1979 मध्ये माळढोकासाठी नान्नजचे अभयारण्य झाल्यापासून त्या माळावर काळवीट पाहावयास जाणारा मनुष्य जाताना दुर्बीण तेवढी नेतो.

आमच्या शहराच्या इतिहासाशी एका हातातल्या शस्त्राचा संबंध आहे, परंतु तो प्रसंग घडला पुण्यात. 12 मे 1930 रोजी सोलापुरावर लष्करी कायदा पुकारण्यात आला, पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आले, आणि त्या दडपशाहीचा जाब म्हणून वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने 22 जुलै 1931 रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाचनालयात हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर अगदी समोरून गोळी झाडली. हॉटसन वाचले ते खिशातील पाकिटाच्या धातूच्या गुंडीमुळे. गोगट्यांच्या धैर्यास त्यामुळे काडीमात्र उणेपणा येत नाही. मात्र कपड्यांत लपवून नेता येणाऱ्या शस्त्राची ताकद किती मर्यादित असते, हे त्या गुंडीने दाखवून दिले, असे मला येथे, अलास्कातील अँकरेज शहरात, वेगळ्याच जातीची रिव्हॉल्व्हरे हाताळताना अनेकदा वाटत आले आहे.

येथे ती दुकानात मिळतात, आणि तीही मासेमारीचे गळ, पावसाळी अंगरखे व शेगडीचे इंधन यांच्याच शेजारी काचेखाली मांडलेली. प्रथम पाहणाऱ्या सोलापूरकराच्या छातीत धस्स होते, व काही काळाने त्याचे त्याला काही वाटेनासे होते. या दोन अवस्थांपैकी अधिक चिंताजनक कोणती, याचा निर्णय मी अद्याप केलेला नाही. कारण मात्र उघड आहे. हे शहर चुगाच पर्वताच्या पायथ्याशी वसलेले असून त्याच्या हद्दीतून वाहणाऱ्या कॅम्पबेल ओढ्यावर सामन मासे चढू लागले, की त्यांच्यामागून तपकिरी अस्वलेही येतात, आणि मूस नावाचा अवाढव्य सांबरसदृश प्राणी तर हिवाळ्यात अंगणातल्या झाडांच्या डहाळ्या खात उभा राहतो. नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. लांब बंदूक झाडाला टेकवून ठेवावी तर नेमक्या क्षणी ती दहा पावले दूर असते. म्हणून छातीवर पट्ट्याने बांधलेले, मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर.

या शस्त्राची वंशावळ फार जुनी नाही. आयडाहोतील पशुपालक, शिकारी व लेखक एल्मर कीथ यांनी वर्षानुवर्षे जो तगादा लावला, त्याच्या परिणामी स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन या कंपन्यांनी 1955 च्या अखेरीस .44 मॅग्नम जन्मास घातले. युटामधील डिक कॅसल यांनी त्याच दशकात .454 चे प्रयोग केले, ज्याचे रिव्हॉल्व्हर वायोमिंगच्या फ्रीडम आर्म्सने 1983 मध्ये बाजारात आणले. आणि 2003 मध्ये .500 मॅग्नम अवतरले, ज्याचे काडतूस इतके जाड की सहांच्या ऐवजी पाचच सिलिंडरमध्ये मावतात, व लांब नळीचा नमुना रिकामा असतानाच दोन किलो भरतो. .44 ला लोकमान्यता मिळाली ती ‘डर्टी हॅरी’ या 1971 च्या चित्रपटाने. त्या चित्रपटाने जगभरच्या तरुणांच्या मनात या आयुधाविषयी जे समज रुजवले ते नेमबाजीच्या मैदानावर एका सकाळीत धुऊन निघतात.

धक्क्याचा हिशेब साधा आहे. .44 मॅग्नमची नेहमीची गोळी 240 ग्रेनची, म्हणजे साडेपंधरा ग्रॅमची, आणि ती सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने निघते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार तेवढाच संवेग उलट दिशेने शस्त्राला मिळतो, आणि शस्त्राचे वजन सव्वा-दीड किलो धरले तर नुसत्या गोळीच्या हिशेबाने ते सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास वेगाने मागे येऊ पाहते. दारूचा जो वायू गोळीमागून नळीबाहेर झेपावतो त्याचा वाटा वेगळाच. आमच्या शेजारच्या कोल्हापूरची राही सरनोबत किंवा पॅरिसमध्ये 2024 साली कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे ज्या .22 च्या काडतुसाने नेम साधतात, त्याची गोळी अवघी अडीच ग्रॅमच्या घरातली. तेथे सारी विद्या निश्चलतेची असते, आणि शस्त्र हलते ते न हलल्यासारखे. मोठ्या बोअरमध्ये शस्त्र हलणार हे गृहीतच. ते कोठे व कसे हलू द्यावयाचे एवढेच माणसाच्या हाती राहते. शिवाय हातातील शस्त्राची नळी मुठीच्या वर असल्यामुळे धक्का सरळ मागे न येता नळीचे तोंड आकाशाकडे उचलतो. ही उचल गोळी नळीत असतानाच सुरू होते. म्हणून जड व मंद गोळी, नळीत अधिक वेळ रेंगाळल्यामुळे, हलक्या व वेगवान गोळीपेक्षा लक्ष्यावर वर लागते, आणि या रिव्हॉल्व्हरांच्या नळीच्या टोकावरील नेमाची खूण एवढी उंच ठेवलेली असते त्याचे रहस्यही हेच.

शहराच्या दक्षिणेस सीवर्ड महामार्गालगत, पॉटरच्या दलदलीसमोर, राज्याच्या मासे व वन्यप्राणी खात्याचे रॅबिट क्रीक नावाचे नेमबाजीचे मैदान आहे. तेथे ज्या शिक्षिकेकडे मी हे शिकलो ती साठी उलटलेली, अंगाने किरकोळ अशी स्त्री असून, सहा फुटी तरुण .454 च्या तीन गोळ्यांनंतर मनगट चोळीत बाकावर बसत असताना ती सिलिंडर शांतपणे रिकामे करीत असे. हे असे का, याचे उत्तर मला सोलापुरानेच आधी देऊन ठेवले होते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी ल्यालेला मानकरी तो उंचच उंच नंदीध्वज कमरेच्या आधारावर तोलून चालतो, तेव्हा तो भार दंडांच्या जोरावर पेलण्याचा खटाटोप करीत नाही; काठी झुकली की तिच्याबरोबर पाऊल टाकतो, गुडघ्यात किंचित लवतो, आणि वजन कमरेवाटे जमिनीला देऊन टाकतो. शिक्षिकेची सगळी शिकवण याच जातीची होती. पाय खांद्याएवढे अलग, शरीर किंचित पुढे झुकलेले. उजव्या हाताची पकड मुठीवर शक्य तितकी वर, कारण पकड खाली गेली की नळीची उचल वाढते. डाव्या हाताने उजव्या हाताला बाहेरून घट्ट वेढावयाचे. आणि कोपरे ताठ न ठेवता अल्पशी वाकलेली, जेणेकरून धक्का कोपरातून खांद्यात व खांद्यातून पाठीत विरत जाईल. कोपरे कुलपासारखी बंद करून जो उभा राहतो त्याला सारा आघात सांध्यांत घ्यावा लागतो, आणि जो ढिला राहतो त्याच्या कपाळाकडे घोडा येतो.

मुठीच्या आकाराविषयी येथल्या शिकाऱ्यांत दोन पंथ आहेत, आणि त्यांचे वाद आपल्याकडील घराण्यांच्या गायकीवरील वादांइतकेच अभिनिवेशाने चालतात. 1873 च्या कोल्टपासून चालत आलेली वक्र मूठ धक्क्यासरशी तळहातात फिरते आणि फिरता फिरता आघाताचा काही अंश जिरवते, असे एका पंथाचे म्हणणे. इंग्लंडमधील बिस्ले येथील नेमबाजीच्या मैदानावरून जिचे नाव पडले ती अधिक उभी मूठ हातात ठरते व मधल्या बोटाच्या पेरावर चापाच्या कड्याचा तडाखा बसू देत नाही, असे दुसऱ्याचे. मी दुसऱ्या पंथातला आहे. माझ्या बोटाच्या पेराचे या बाबतीतले मत अत्यंत स्पष्ट आहे.

डाव्या हाताचा अंगठा सिलिंडरच्या पुढे कधीही जाता कामा नये, कारण सिलिंडर व नळी यांच्यामधील फटीतून जो तप्त वायू आडवा सुटतो तो चामडी फाडू शकतो. नवख्याला एका वेळी एकच काडतूस भरून द्यावयाचे, हा नियमही असाच अपवादरहित आहे. नळी आकाशाकडे फेकली गेली की शस्त्र निसटू नये म्हणून सगळी बोटे आपोआप आवळली जातात, त्यांत चापावरचे बोटही आले, आणि दुसरे काडतूस आत असेल तर ते अशा दिशेने उडते की जी कोणीही निवडलेली नसते; .500 च्या बाबतीत असे अपघात घडलेले आहेत. आरंभ म्हणून .44 मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरात .44 स्पेशल, किंवा .454 मध्ये .45 कोल्ट, अशी सौम्य काडतुसे चालतात, आणि ज्याला ती लाजिरवाणी वाटतात त्याला शिक्षिका मैदानाच्या फाटकाची वाट दाखवीत असे.

परंतु खरा शत्रू धक्का नव्हे, धक्क्याची भीती; आणि ती गोळी सुटण्यापूर्वी येते. डोळे मिटतात, मनगट नकळत खाली दाबले जाते, व गोळी लक्ष्याच्या पायाशी मातीत जाते. ही गोष्ट कोणीही मान्य करीत नाही, म्हणून तिचा पुरावा काढण्याची एक युक्ती आहे: शिक्षक गुपचूप काही खरी व काही पोकळ काडतुसे मिसळून भरतो, आणि पोकळ काडतुसावर घोडा नुसता खटकन पडतो तेव्हा नळी खाली मान घालते की नाही, हे सर्वांदेखत दिसते. फौजदारी न्यायालयात इतका बिनतोड पंचनामा क्वचितच सादर होत असेल. या भीतीवर उपाय म्हणजे कानांत बोळे आणि वरून कर्णरक्षक, असे दुहेरी आच्छादन, कारण भयाचा मोठा हिस्सा आवाजाचा असतो. आणि थोडक्यावर थांबणे, कारण थकलेला हात भीतीच तेवढी शिकतो.

इतके झाल्यावर माझे मत असे बनले आहे, की .44 च्या पलीकडची बहुतेक खरेदी ही गरजेपेक्षा प्रतिष्ठेपोटी होते. धक्का केवळ माणसालाच नव्हे तर शस्त्राच्या पोटातील उरलेल्या काडतुसांनाही बसतो. त्यांची गोळी टरफलात नीट आवळलेली नसली तर ती पुढे सरकते व सिलिंडर फिरेनासे होते, म्हणजे दुसरी संधी हवी त्याच वेळी हातात दोन किलोचे लोखंड उरते. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो प्रभृती संशोधकांनी अलास्कातील अस्वलांशी झालेल्या चकमकी तपासल्या आहेत. 2008 च्या त्यांच्या निबंधात मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने बहुसंख्य प्रसंगी अस्वल परतल्याचे दिसले. 2012 च्या निबंधात, ज्यांच्याजवळ बंदूक होती त्यांनी ती वापरली काय किंवा न वापरली काय, इजेच्या प्रमाणात अर्थपूर्ण फरक पडला नाही, असे निघाले. मिरचीवर वाढलेल्या मुलुखातून आलेल्या मला हा निष्कर्ष पटावयास वेळ लागला नाही, आणि ओढ्यावर जाताना माझ्या छातीवरच्या पट्ट्यात हल्ली फवाऱ्याचा डबाच असतो, रिव्हॉल्व्हर मैदानापुरते.

या निर्णयामागे आणखी एक कारण आहे, ते शुद्ध सोलापुरी. जिवावर बेतले म्हणून येथे अस्वल मारण्यास कायद्याची मुभा असली, तरी त्यानंतर त्या मनुष्याने ते अस्वल स्वतः सोलावयाचे, नखांसह कातडे आणि कवटी दोन्ही राज्य सरकारच्या खात्यात नेऊन जमा करावयाची, आणि काय घडले, कोठे घडले, टाळता का आले नाही, याचा लेखी अहवाल विहित नमुन्यात भरून द्यावयाचा असतो. मनगट सुजले असल्यास त्या नमुन्यात सवलतीचा रकाना नाही.