गाडी बदलावयाचे गाव

१९८५ साली मराठीचा शिक्षक म्हणून माझी नेमणूक अर्जुनीच्या बाजूच्या एका खेड्यात झाली. तो मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. माझे घर सातारा जिल्ह्यात, पाटणच्या डोंगरात. तेथून निघून नागपूर गाठावयाचे, पुढे सुमारे १३० किलोमीटर गोंदियापर्यंत यावयाचे, आणि तेथे मोठी गाडी सोडून अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या छोट्या गाडीत बसावयाचे, असा तो प्रवास होता. पाच वर्षे मी अशी येजा केली. छोटी गाडी सुटावयास अवकाश असला, की फलाटावर चहा घ्यावा, वर्तमानपत्र चाळावे, ट्रंकेवर बसून डुलकी काढावी. गोंदिया म्हणजे गाडी बदलावयाचे गाव, अशीच माझी समजूत होती. फलाटाबाहेर मी कधी पाऊल टाकले नाही.

निवृत्तीनंतर गेल्या भाद्रपदात तेथील एका जुन्या विद्यार्थ्याने आग्रहाने बोलावले, म्हणून निघालो. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस मला साताऱ्यास मिळाली. तिचे अखेरचे स्थानक गोंदिया. या खेपेस गाडी बदलावयाची नव्हती! छोटी गाडीही आता राहिलेली नाही. चंद्रपूरकडे आणि जबलपूरकडेही रुंद रूळ गेले आहेत.

विद्यार्थी फलाटावर उभा होता. आता तो पन्नाशी ओलांडलेला, कानांवरचे केस पिकलेले. त्याला ‘तू’ म्हणताना माझी जीभ अडखळली. तो मात्र वाकून पाया पडला आणि माझी पिशवी घेऊन चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी गाव पाहावयास निघालो. रुळांनी या शहराचे दोन भाग केले आहेत. एका अंगास रेलटोली, दुसऱ्या अंगास बाजारपेठ. गांधी प्रतिमेपासून पुढे गल्ल्या अशा अरुंद होतात, की समोरून हातगाडी आली म्हणजे आपण पाय उचलून घ्यावेत. दुकानदार गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतो, शेजाऱ्याशी मारवाडीत किंवा गुजरातीत. खेड्यातून आलेल्या बाया आपसात पोवारी नाहीतर छत्तीसगढी बोलतात, आणि सरकारी पाटी मराठीत असते. यात कोणालाच काही अवघड वाटत नाही. गोंद म्हणजे डिंक. तो विकावयास आणणाऱ्या गोंड लोकांवरून गावाला हे नाव पडले, असे सांगतात.

जयस्तंभ चौकाकडे वळलो, तसा रस्ता रुंद झाला आणि सावलीही वाढली. परंतु या गावचा खरा हिरवेपणा झाडांत नाही. चौकातून निघून थोडे अंतर काटावे, शेवटची घरे मागे पडावीत, आणि एकदम दोन्ही अंगांस क्षितिजापर्यंत पाणी व त्यातून वर आलेले हिरवे पीक दिसावे, असा तो प्रकार आहे. आम्ही परसवाड्याच्या तलावापर्यंत गेलो. महाराष्ट्रात सारस पक्षी उरले आहेत ते मुख्यतः याच भागात. माणसाएवढ्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात उभ्या पिकातच घरटे बांधतो, आणि शेतकरी त्या घरट्यापुरते पीक सोडून देतात. आम्हांस काही सारस दिसला नाही. तलाव मात्र मनसोक्त पाहिला. या भागात असे जुने तलाव गावोगाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यांतील पुष्कळसे बांधले; नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याच्या नावाने ओळखला जातो.

परतताना विद्यार्थी म्हणाला, “सर, आमची राईस मिल पाहू या.” तो तेथे हिशेब पाहतो. गोंदियाच्या आसपास अशा गिरण्या कितीतरी आहेत. गावाची ओळखच त्यांवर आहे. आत उन्हाळी पिकाच्या पोत्यांची थप्पी लागली होती. उकड्या तांदळासाठी दाणे प्रथम भिजवतात, मग वाफवतात, वाळवतात आणि शेवटी त्यांचे तूस काढतात. एका क्विंटलमधून ६७-६८ किलो तांदूळ निघतो. तूसही वाया जात नाही. तेच भट्टीत जळते. दारात एक वृद्ध हमाल बसला होता. काहीतरी बोलावे म्हणून मी त्याला विचारले, “काय बाबा, यंदा भात कसा आहे?”

“भात डब्यात आहे, साहेब,” तो म्हणाला. “जेवल्यावर सांगतो.”

आजूबाजूचे सारे हसले. विद्यार्थी तेवढा हसला नाही. हलक्या आवाजात तो त्याला म्हणाला, “सरांना धान म्हणायचे आहे.”

आमच्याकडे पिकालाही भात म्हणतात आणि ताटातल्या अन्नालाही. येथे शेतात असते ते धान, गिरणीतून निघतो तो तांदूळ, आणि चुलीवर शिजतो तो भात. पाच वर्षे येथे राहून हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते; ते मला अशुद्ध वाटत असे. आठवीच्या वर्गात ‘माझे घर’ या निबंधात या मुलाने लिहिले होते, की आमच्या बांधीत रोवणी होते आणि धान घरात येते तेव्हा आमची दिवाळी होते. मी लाल शाईने ‘बांधी’ खोडून ‘शेत’ केले, ‘रोवणी’ची ‘लावणी’ केली आणि ‘धान’चा ‘भात’ केला. त्याच सुमारास भवभूतीचे पद्मपूर ते येथले आमगावजवळचे पदमपूर, हे वा. वि. मिराशी यांचे मत मी वर्गास मोठ्या अभिमानाने सांगत होतो. बाराशे वर्षांपूर्वीच्या कवीचे गाव मला ठाऊक होते. पहिल्या बाकावरच्या मुलाची बांधी ठाऊक नव्हती.

सायंकाळी सुभाष बागेत बसलो असता मी तो विषय काढला. “तुला आठवते का रे?”

“दहापैकी तीन गुण होते, सर,” तो म्हणाला. जरा थांबून पुढे म्हणाला, “त्यानंतर ते शब्द मी शाळेत नेले नाहीत. घरी होतेच.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काही उत्तर देता आले असते. आम्ही दोघेही मुलांच्या झोपाळ्याकडे पाहत राहिलो.

रात्री जेवणानंतर त्याची मुलगी वही घेऊन आली. तीही आठवीत. बापाने वहीबरोबर पेनही माझ्यापुढे ठेवले. ते मुद्दाम की सवयीने, कोण जाणे! निबंध पावसाळ्यावर होता आणि पहिल्याच ओळीत ‘पऱ्हे’ हा शब्द होता. ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या मी सुधारल्या. मास्तरकी अशी सुटत नाही. मग विचारले, “बाळ, पऱ्हे म्हणजे काय?”

ती माझ्याकडे आश्चर्याने पाहू लागली. “धानाची लहान रोपं, आजोबा. ती उपटून बांधीत रोवतात. तुमच्याकडे त्यांना काय म्हणतात?”

“तरवा,” मी म्हणालो.

पाटणला माझी आई पहाटे तरवा काढावयास जात असे. हा शब्द मी कोणत्याही निबंधात कधी लिहिला नव्हता, कोणत्याही वर्गात उच्चारला नव्हता. मुलीने माझ्या हातातील पेन मागून घेतले, समासात तो लिहिला, आणि ‘त’ ला काना आहे का, असे विचारले.