राग मिंगस

शनिवार सकाळ. दुसरा चहा झालाय, बायको आणि लेक भाजी आणायला गेल्यात आणि मी हेडफोन लावून चार्ल्स मिंगस ऐकत बसलोय. खरं सांगायचं तर आज ऐकवत नाहीये. त्याचं असं झालं...

गुरुवारी हापिसात एका ज्युनियरवर मी भर मीटिंगमध्ये ओरडलो. बग त्याचा होता, मान्य. पण ओरडणं माझं होतं. पोरगं चोवीस वर्षांचं, काही बोललं नाही, नुसतं लॅपटॉपकडे बघत बसलं. शुक्रवारी आलंच नाही. आणि घरी येताना मी स्वतःची समजूत काय घातली? तर म्हणे, मिंगससुद्धा तापटच होता की!

ज्यांना हे गृहस्थ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९२२, अ‍ॅरिझोनातल्या नोगालेसचा. वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात. आधी ट्रॉम्बोन, मग सेलो. पण त्या काळात काळ्या मुलाला सिम्फनी ऑर्केस्ट्राची दारं बंदच, म्हणून एका मित्राच्या सल्ल्यानं डबल बास धरला. बास म्हणजे मागे उभं राहून सगळ्यांना तोलून धरणारं वाद्य. आमच्या भाषेत बॅकएंड! बंद पडेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. मिंगसनं मागे उभं राहूनच अख्खा बँड चालवला. साथीदारांना कागद देण्याऐवजी तो पुष्कळदा पियानोवर वाजवून, गाऊन चाली शिकवायचा. हे वाचलं तेव्हा मला आपली गुरुमुखातून शिकण्याची पद्धत आठवली होती.

आणि राग? जमदग्नीच. १९५३ मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये सहकाऱ्याशी भांडण केलं आणि साक्षात एलिंग्टननं, ज्याला तो दैवत मानायचा त्यानं, घरी पाठवलं. पुढे १९६२ मध्ये त्याच एलिंग्टनबरोबर बरोबरीच्या नात्यानं 'मनी जंगल' रेकॉर्ड केलं, ही गोष्ट वेगळी.

या रागातून काय काय निघालं बघा. १९५७ मध्ये आर्कान्सोच्या गव्हर्नर फॉबसनं लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना शिरू देऊ नये म्हणून नॅशनल गार्ड उभे केले. मिंगसनं त्याची टर उडवणारी 'फेबल्स ऑफ फॉबस' रचली. १९५९ च्या 'मिंगस आह अम'मध्ये ती शब्दांशिवाय आली, कारण कंपनीला शब्द नको होते. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपनीकडे जाऊन त्यानं ती शब्दांसकट रेकॉर्ड केली. या रागाला माझा सलाम.

पण १९६२ चीच दुसरी गोष्ट मी इतकी वर्षं सोयीस्करपणे विसरत आलो. न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधल्या मोठ्या कार्यक्रमाची तयारी चालू होती, वेळ कमी, डोक्यावर ताण. म्हणजे आमचं रिलीजच म्हणा ना! त्या गडबडीत मिंगसनं जिमी नेपर या आपल्याच ट्रॉम्बोनवाल्याच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला. ट्रॉम्बोनवाल्याचं तोंड म्हणजे त्याचं पोट. नेपरचे वरचे सूर गेले. तो कार्यक्रमही फसला तो फसलाच.

फॉबस हा सत्तेवर बसलेला माणूस होता. नेपर मदतीला आलेला. दोन्हीकडे राग एकाच माणसाचा, पण एकाची रचना झाली आणि दुसऱ्याचा नुसता ठोसा. आणि गुरुवारी मी फॉबसवर ओरडलो नव्हतो.

नेपर मोठ्या मनाचा. सत्तरच्या दशकात तो पुन्हा मिंगसबरोबर वाजवायला आला. तोवर मिंगसचे दिवस भरत आले होते. १९७७ मध्ये एएलएस झाल्याचं निदान झालं. बोटं गेली, तर टेपरेकॉर्डरसमोर गुणगुणून रचना करत राहिला. ५ जानेवारी १९७९ ला मेक्सिकोत गेला, वय ५६. त्याच्या इच्छेप्रमाणे बायकोनं, स्यूनं, त्याच्या अस्थी इथे आणून गंगेत सोडल्या. टाउन हॉलला फसलेलं ते संगीतही पुढे सापडलं. दोन तासांहून मोठं 'एपिटाफ', तीस वादकांनी १९८९ मध्ये न्यूयॉर्कमध्येच सादर केलं. ऐकायला तो नव्हता.

फसलेली रचना सत्तावीस वर्षांनी दुरुस्त होऊ शकते. तुटलेला दात नाही.

असो. आत्ता त्या पोराला फोन केला, उचलला नाही. मेसेज टाकलाय. सोमवारी आला तर मीटिंगमध्येच माफी मागणार आहे. ओरडलो सगळ्यांसमोर, तर केबिनमध्ये बोलावून सॉरी म्हणण्यात काय अर्थ?

नाही आला तर? बेल वाजली, भाजी आली वाटतं. उठतो.