हातातील पकड

नळदुर्गच्या बोरी नदीवरील पाणीमहाल तुम्ही पाहिला असेल. इब्राहीम आदिलशाह दुसरा याच्या राजवटीत तो बांधला गेला. त्याचे दगड घडवणाऱ्यांना घामेजल्या हातातही हातोडा घट्ट धरावा लागला असेल.

माझे अब्बा हातोड्याच्या दांड्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळतात आणि टोक सुतळीने बांधतात. रबरामुळे घर्षण वाढते, हात सरकत नाही. हिमालयात जाणारे काही गिर्यारोहकही बर्फाच्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर रबरी पट्टी गुंडाळतात. उतारावर पाय घसरला, तर तीच कुऱ्हाड बर्फात रुतवून ते स्वतःला थांबवतात.

मात्र पकडीसाठी दांड्याला छिद्रे पाडू नका. दांडा कमजोर होतो. पट्टी भेगाळली की बदला. हत्यार निसटले, तर इजा शेजारी काम करणाऱ्यालाही होते. म्हणून कामाला लागण्यापूर्वी पकड तपासा.